शेवटचं प्रकरण काकांकडे

"डॉक्टरनं मारलंय! मला स्वतः काकांनी सांगितलंय!" आमच्या मराठी मंडळाचे खजिनदार ओरडत होते, आणि ओरडताना हातातली मसालेभाताची बशी अशी हलवत होते की पुढच्या रांगेतल्यांच्या डोक्यावर अक्षता पडत होत्या. "डॉक्टर कुठला? धाकटी वहिनी! मलाही काकांनीच सांगितलंय, परवा, फोनवर!" चिटणीसबाईंनी वरची पट्टी लावली. हॉलचा राखणदार "येनायतु सार?" म्हणजे 'काय झालं साहेब?' असं त्याच्या कन्नडात ओरडत धावत आला, कारण मराठीतलं बाकी काही नाही तरी 'मारलंय' त्याला अचूक कळलं होतं. स्नेहसंमेलन थांबलं, माइकवर भावगीत म्हणणाऱ्या बाईंचा आलाप अर्ध्यात लोंबकळला, आणि मी शपथेवर सांगतो, छताचा पंखासुद्धा क्षणभर थबकला. या सगळ्याच्या मधोमध, प्लास्टिकच्या खुर्चीत, ज्यांच्यापायी हे चाललं होतं ते काका भातातले काजू वेचून खात बसले होते. "हळू बोला," ते म्हणाले. "मयत अजून तळ्यातच आहे."

मयत म्हणजे एका रहस्यकादंबरीतला कॉफीच्या मळ्याचा मालक, आणि काका म्हणजे माझे चुलतसासरे. आयुष्यभर पुस्तकं वाचली आणि त्यातलं एकही आवडलं नाही, असा वाचक त्रिभुवनात एकच झाला, आणि तो मला सासरहून मिळाला. नोकरी सगळी इथल्या एका सरकारी कारखान्यात, तपासणी खात्यात. साताऱ्याहून तरुणपणी या कानडी शहरात आले, जालहळ्ळीच्या बाजूला घर बांधलं, आणि निवृत्त होईपर्यंत लोखंडाच्या सुट्या भागांवर 'नापास'चा लाल शिक्का मारत राहिले. निवृत्तीच्या दिवशी कारखान्यानं शिक्का परत घेतला. हात मात्र तसाच राहिला. मग तो लोखंडावरून कादंबऱ्यांवर आला. काकू होत्या तोवर थोडा वरणभातावर आणि थोडा कादंबऱ्यांवर पडायचा. त्या गेल्यावर सगळा भार बिचाऱ्या साहित्यावर आला.

अलीकडच्या वाचनाबद्दल त्यांना विचारणं म्हणजे कढईतल्या तेलात पाणी टाकणं. बर्फाळ देशातल्या खुनांच्या भाषांतरित कादंबऱ्या सगळं जग डोक्यावर घेतंय म्हणून मी त्यांना एक नेऊन दिली. आठवड्यानं गेलो तर काका अंगावर शाल घेऊन बसलेले, भर एप्रिलात. "जावईबापू, पानापानावर बर्फ! वाचून सर्दी झाली. आणि यांचा प्रत्येक पोलीस अधिकारी घटस्फोटित कसा? त्या देशात पोलीसभरतीला घटस्फोटाचा दाखला लागतो काय?" पुरस्कार मिळालेल्या एका गंभीर कादंबरीत नायक भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत अर्धं पुस्तक काढतो आणि उरलेल्या अर्ध्यात त्या डागात त्याला आपले वडील दिसतात. काकांनी ती दोनदा वाचली, न्याय चुकू नये म्हणून. मग म्हणाले, "याला वेळेवर एक प्लंबर मिळाला असता, तर बाप सुटला असता, मुलगा सुटला असता आणि मीही सुटलो असतो." एका ऐतिहासिक कादंबरीतली माणसं घोड्यावरून उतरतानासुद्धा भाषण करतात, हे त्यांना इतकं लागलं की दोन दिवस ते स्वतः कमी बोलले. बोलण्यात विखार असा की वाटावं, या लेखकांनी ह्यांची शेती बळकावलीय. "माझी संध्याकाळ चाललीय आणि हे लोक मला भेसळीचा माल पाठवतायत," असं ते म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवीन पुस्तक मागवायचे.

तपासणी नुसती तोंडी नसे. एका थरारकथेतला खुनी शुक्रवारी संध्याकाळी व्हाइटफील्डच्या ऑफिसात साहेबाचा गळा आवळतो आणि अर्ध्या तासात देवनहळ्ळीला विमानतळावर पोचून परदेशी पळतो. काकांनी पुस्तक मिटलं आणि मला फोन केला, "शुक्रवारी गाडी काढा." मी काढली, जावयाला दुसरं काय काम? व्हाइटफील्डहून निघालो. पहिल्या सिग्नललाच आमच्या शेजारी उभ्या असलेल्या गाडीत एक साखरपुडा ठरला. तिसऱ्या सिग्नलपर्यंत तो मोडला. एका बाईनं ऑफिसच्या कॅबमध्ये बसून स्वेटरची एक बाही विणून पुरी केली. विमानतळाचे दिवे दिसले तेव्हा मी निवृत्तीला आलो होतो. काका समाधानानं खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एवढ्यात तुमचा खुनी पकडला जाऊन, जन्मठेप भोगून, सुटून घरी आला असता. नापास!" आणि आम्ही उलटे फिरलो, कारण आम्हाला कुठल्याच विमानात बसायचं नव्हतं.

पण काकांची खरी कीर्ती वेगळ्या गोष्टीसाठी होती. रहस्यकथा वाचून झाली की ते तिचं शेवटचं प्रकरण ब्लेडनं कापून काढायचे. अगदी सफाईदार, शिवणीला धक्का न लावता. मग ते उरलेलं पुस्तक मंडळात कुणालाही वाचायला देत, आणि शेवटची पानं टाचणी लावून लोखंडी कपाटात ठेवत. ज्याला शेवट हवा त्यानं काकांच्या व्हरांड्यात यायचं, खुनी कोण ते सांगायचं आणि पुराव्यानिशी सिद्ध करायचं. पटलं तर पानं हातात, नाही पटलं तर, "परत वाचा. तुम्ही वाचलेलं नाही, पानं उलटलीत." मी एकदा पोस्टमनवर संशय घेतला, तर त्यांनी माझी अशी उलटतपासणी केली की शेवटी मलाच वाटायला लागलं, खून मीच केलाय. लोक चिडायचे, शिव्या द्यायचे, आणि दर रविवारी व्हरांड्यात चपलांचा ढीग पडायचा. आता कुणी म्हणेल, शेवट मोबाइलवरही सापडतो. सापडतो ना. पण मोबाइल चहा देत नाही आणि "गाढव आहात" असं प्रेमानं म्हणत नाही.

हा कायदा एकाच व्यक्तीनं मोडला होता: चिकपेठेतल्या अक्का. त्यांचं घराणं तीन-चारशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या घोड्यांच्या मागोमाग इथे आलं आणि घोडे गेले तरी राहिलं. घरात मराठी, पण दर चौथा शब्द कन्नड. अक्कांची रीत काकांच्या बरोब्बर उलटी. त्या कुठलंही पुस्तक शेवटाकडून सुरू करायच्या. पहिल्याच भेटीत त्यांनी पुस्तकाला हातही न लावता कपाटाकडे बोट दाखवलं. "ते देऊन टाक की अण्णा. आधी शेवट, मग बाकीचं."

"अक्का, हा व्यभिचार आहे!" काका किंचाळले.

"असू दे. मरणारा कोण, मारणारा कोण, हे कळल्याशिवाय मी कुणाच्या घरात पाय ठेवत नाही." मग पिशवीतनं कोडबळ्यांचा, म्हणजे आपल्या कडबोळ्यांचा, डबा काढत त्या म्हणाल्या, "माझ्या घरातला शेवट मला कुणी आधी सांगितला नाही, अण्णा. पुस्तकातला तरी बघून घेते." काका उठले. मी त्यांना वाद न घालता हरलेलं पाहिलं ते तेवढंच. कपाट उघडलं आणि पानं दिली. तेव्हापासून, काका सोडले तर, त्यांचं एकूणएक शेवटचं प्रकरण वाचलेला या शहरात, किंबहुना पृथ्वीतलावर, एकच माणूस होता.

मग घराला वाळवी लागली. मुलगा, म्हणजे माझा चुलतमेहुणा, व्हाइटफील्डहून आला, औषध मारून घेतलं, रंग काढला, पुस्तकं गाडीत भरून मंडळाच्या कपाटात पोचवली. पोरगा वाईट नाही. हीच तर पंचाईत. वाईट असता तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. त्यानं लोखंडी कपाटही आवरलं, आणि त्यातली टाचणी लावलेली फाटकी पानं बघून, बाबांनी कचरा किती साठवलाय म्हणत, सगळी रद्दीत दिली. म्हणजे पुस्तकं मंडळात आणि शेवट कागदाच्या लगद्यात! मला वाटलं, काका आता आकाशपाताळ एक करतील. त्यांनी रिकामं कपाट उघडून बघितलं, परत लावलं, आणि म्हणाले, "असू दे. माझ्या डोक्यात आहेत सगळी."

झालं. काकांचा फोन वाजू लागला. मंडळात जो तो एक बिनशेवटाचं पुस्तक नेई आणि काकांना विचारी. उलटतपासणी बंद झाली. काका विचारताक्षणी शेवट सांगू लागले, तोही असा रंगवून की मूळ लेखकानं पाय धरावेत. असे चार-सहा महिने गेले आणि त्या स्नेहसंमेलनात मसालेभात उडाला.

नेमका मुलगा त्या दिवशी हजर होता. एकाच खुनाला बाबांनी दोघांना दोन खुनी दिलेत, हे त्यानं ऐकलं आणि मला हाताला धरून बाहेर काढलं. म्हणाला, "जिजाजी, हे विसरणं आहे. मी वाचलंय याबद्दल. माणूस विसरतो आणि ती जागा स्वतः बनवून भरतो. आता त्यांना एकटं ठेवणं शक्य नाही. मी घेऊन जातो. चौदावा मजला आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, दिवसभर बाई ठेवतो." हे घर तो विकणार होता, त्यानं लपवलंही नाही.

मी हसलो. इतका हसलो की राखणदार परत धावत आला. "अरे, तुला बाप कळला नाही. ते मुद्दाम करतायत! लेखकांचे शेवट त्यांना जन्मात कधी पटलेत का? आता पुरावा लगद्यात गेलाय, तर म्हातारा ज्याच्या-त्याच्या लायकीप्रमाणे शेवट वाटतोय. खजिनदाराला डॉक्टर, चिटणीसबाईंना वहिनी. खेळ आहे सगळा!" माझा यावर पूर्ण विश्वास होता. काकांना विचारलं तर त्यांनीही मिशीत हसून मान डोलावली. मुलगा मात्र हसला नाही. "मग अक्कांना विचारू," तो म्हणाला. "पुस्तक इतकं जुनं आहे की दुसरी प्रत नाही आणि मोबाइलवरही काही सापडत नाही, पण त्यांनी खरं शेवटचं प्रकरण वाचलंय. बाबांनी सांगितलेल्यातलं एक जरी बरोबर निघालं, तर मी विषय काढणार नाही. नाही तर पुढच्या महिन्यात सामान हलवायचं."

पुढच्या रविवारी व्हरांड्यात बैठक बसली. ज्या खुर्चीत काका बसायचे तिथे अक्का, आणि ज्या स्टुलावर आम्ही जन्मभर गाढव ठरलो त्यावर काका. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी आल्याआल्या मला हळूच म्हणाले, "जावईबापू, एकदा गेलो होतो मी तिकडे, पोराच्या चौदाव्या मजल्यावर. खाली बघितलं तर माणसं कळत नाहीत, नुसती डोकी. कुणावर संशय घ्यायचा?" आणि हसले. मुलानं आढेवेढे घेतले नाहीत. "अक्का, तो कॉफीच्या मळ्याचा मालक. तळ्यात मेलेला सापडतो. बाबा एकाला म्हणाले डॉक्टर, दुसरीला म्हणाले धाकटी वहिनी. खरं कोण?"

अक्कांनी डबा उघडला, एक कोडबळं मोडलं, अर्धं मुलाच्या हातात ठेवलं. काका त्यांच्याकडे बघत होते. त्या नजरेला काय म्हणायचं ते मला तेव्हा कळलं नाही. व्हरांड्यात आलेल्या शेकडो लोकांच्या तोंडावर मी ती पाहिली होती, काकांच्या तोंडावर कधी नाही.

"दोघं मिळून," अक्का म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काय रे? डॉक्टरनं झोपेचं औषध दिलं, वहिनीनं ढकललं. एकाला जमणारं काम आहे का ते? चांगला धिप्पाड गडी होता की तो."

काकांनी मांडीवर अशी थाप मारली की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं. "बघ! अर्धं उत्तर खजिनदाराला, अर्धं बाईंना! पूर्ण उत्तर फुकट कधी द्यायचं नसतं! आणि तरी सांगतो, शेवट नापासच. औषध कुठून आणलं याचा पत्ता नाही!" मुलानं हातातलं अर्धं कोडबळं तोंडात टाकलं. मग हसला. अंगावरून पोतं उतरल्यासारखा हसला बिचारा. बाबांच्या पायाला हात लावला, अक्कांच्याही लावला, आणि ट्रॅफिक वाढायच्या आत निघतो म्हणून गेला. काकांनी मला मोठ्यांदा सांगितलं, "आता पुढच्या रविवारपासून परत पुराव्यानिशी! फुकटचे लाड बंद!"

संध्याकाळी मी अक्कांना ऑटोपर्यंत सोडायला गेलो. काका फाटकाशी उभे राहून हात हलवत होते. उंच, ताठ, इस्त्रीच्या शर्टात, हातात नवीन आलेली कादंबरी. वळणावर पोचलो तरी हात चाललाच होता. मी विजयाच्या तोऱ्यात होतो. काकांचा डाव मीच ओळखला होता ना! अक्कांना हात धरून ऑटोत बसवलं, ड्रायव्हर निघणार तोच त्यांनी त्याला "स्वल्प निल्ली, थांब जरा" म्हणून थांबवलं आणि पदरानं चष्मा पुसत बसून राहिल्या. मी म्हटलं, "काय अक्का, कमालीचं पुस्तक असणार. दोघं मिळून! हे माझ्या डोक्यातच आलं नसतं."

"कुणी मारलेलं नाही रे त्याला," अक्का म्हणाल्या. "पाय घसरून पडला तो."