उमरावमामांचं नाव

नाव विचारलं, की उमरावमामा आधी उठून उभे राहायचे. शर्टाची कॉलर नीट करायची, मग सावकाश सांगायचं, "उमराव." राजारामपुरीतल्या आमच्या शाळेत ते शिपाई. शिपायाला सगळेच मामा म्हणतात, त्यामुळं नाव विचारणारे थोडेच. कोणी 'उमऱ्या' म्हटलं, की त्यांना ऐकूच यायचं नाही. एकदा मुख्याध्यापकांनी गमतीनं तशी हाक मारली, तर साहेबांना पाणी स्वतः उठून घ्यावं लागलं.

"आमचा आजा म्हणायचा, उमराव म्हंजे दरबारात बसणारा माणूस," असं ते घंटा देऊन आले की ऐकवायचे. नाव दरबारातलं आणि बसायला दाराबाहेरचं स्टूल! मी चिडवायचो. ते म्हणायचे, "जागा मिळंल न मिळंल सर, नाव तर हाय की."

निवृत्तीनंतर नातू झाला आणि मामांनी हट्ट धरला, बारशाला त्याच्या कानात 'उमराव' सांगा. आपल्याकडं आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, पण आजोबा गेल्यावर. मामा म्हणायचे, "मेल्यावर मला ऐकू येणार हाय व्हय? त्या नावानं पोराला मारलेली हाक ऐकायचीया मला." मुलगा म्हणाला, नाव जुनाट आहे, अर्थ तरी काय त्याचा? मामा तडक माझ्या घरी आले. "सर, तुम्ही मराठीचं मास्तर. अर्थ झ्याक लिवून द्या."

आता 'थोर सरदार' एवढं लिहून थांबावं की नाही? पण मला शहाणपणाची खाज. मी लिहिलं : मूळ शब्द अरबी. अमीर म्हणजे सरदार. त्याचं अनेकवचन उमरा, त्यावरून उमराव. खाली सहीसुद्धा ठोकली. मामा हरखले. "म्हंजे मी एकटाच लई जण की," म्हणत कागद खिशात घालून गेले.

मुलानं तो वाचला आणि म्हणाला, "अरबी? म्हंजे हे आपलं न्हवंच की." बारशाला आत्यानं दुसरंच नाव सांगितलं. मामांनी मला कधी बोल लावला नाही, त्याचंच जास्त लागलं. पुढं कोणी नाव विचारलं, तर बसल्याबसल्या म्हणायचे, "मामाच म्हणा."

परवा ते गेले. चौकात श्रद्धांजलीचा फलक लागला. फोटो मामांचा, खाली नाव 'कै. उमेशराव'. छापणाऱ्याची चूक असणार म्हणून मी मुलाला फोन केला.

"चूक न्हाय सर, मीच तसं दिलंय," तो शांतपणे म्हणाला. "चारचौघं वाचणार की. तुमचा कागद वाचल्यापासनं ते नाव नकोच वाटतंय."

जन्मभर पोरांच्या वह्यांतल्या चुका लाल शाईनं खोडल्या, आणि एका माणसाचं अख्खं नाव मी शुद्ध मराठीत लिहून खोडलं. फलकासमोर येणारेजाणारे थांबून हात जोडत होते. मीही जोडले. कोणाला, ते मला कळेना.