प्रार्थनेत उतू गेलेलं दूध

होटगीहून सोलापूरला मी आजवर कपडे घ्यायला, दात काढायला आणि परीक्षा द्यायला गेले होते. सेमिनरी बघायला पहिल्यांदाच चालले होते. सेमिनरी म्हणजे पाळक, चर्चचे धर्मगुरू, घडवायची शाळा. ज्या तरुणांना देवसेवेचं पाचारण आहे असं वाटतं, त्यांनी दोन दिवस तिथं राहून बघावं, असं आमच्या पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत सांगितलं आणि माझा हात वर गेला. शेजारी बसलेल्या पप्पांची मान तेवढीच खाली गेली.

पप्पा होटगी स्टेशनात पॉइंट्समन, रूळ बदलून गाड्यांना वाट देणारे. त्यांनी माझ्यासाठी बँकेच्या परीक्षेचा क्लास हेरून ठेवला होता. "जा, बघून ये," ते म्हणाले. "पन आल्यावर एकच सांगायचं, व्हय का न्हाय. देवाचा सिग्नल पडला न्हाय तर गाडी हलवायची न्हाय. सोमवारपासनं गुमान क्लासला जायचं."

खरी पंचाईत इथंच होती. मला पाळक व्हायचं होतं, अगदी मनापासून. पण सिग्नल म्हणावा असं माझ्या आयुष्यात काही घडलंच नव्हतं.

सेमिनरीत पोह्यांनी स्वागत झालं, त्यामुळं सगळं मुलगी बघायच्या कार्यक्रमासारखंच वाटायला लागलं. आम्ही त्यांना बघत होतो, ते आम्हाला. मग एकेकानं साक्ष द्यायची होती, म्हणजे देवानं आपल्याला कसं बोलावलं ते सगळ्यांपुढं सांगायचं. मोडनिंबचा एक पोरगा मोटारसायकलसकट विहिरीत पडून जिवंत निघाला होता. पोहे खाताना त्यानं हे सांगितलं तेव्हा विहिरीत गुडघाभर पाणी होतं. साक्षीत ते गळ्यापर्यंत आलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मला लोकांच्या घरी जायला आवडतं," आणि खाली बसले. कुणीतरी खुदकन हसलं. मला रडू येत होतं आणि देवाचा रागही. एवढं मोठं जग चालवणाऱ्याला माझ्यासाठी एक साधी विहीर जमू नये?

दुसऱ्या दिवशी घरभेटी होत्या. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी नेमकं मला या विहीरवाल्याबरोबर पाठवलं. विणकरांच्या जुन्या वस्तीत एक आजी एकट्या राहत. तेलुगू वळणाच्या मराठीत त्यांनी "या की, बसा की" म्हणत चटई टाकली आणि चहासाठी दूध गॅसवर ठेवलं. पण आमच्यात भेटीला गेलं की आधी प्रार्थना, चहा मागनं. मोडनिंबकरांनी डोळे मिटले आणि सुरू झाले.

आवाज भारदस्त होता, नाही म्हणत नाही. पण आजींच्या गुडघ्यांपासून निघालेली प्रार्थना तालुका, जिल्हा करत देशभर फिरायला लागली. तेवढ्यात दुधाचा वास आला. प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत हे आमच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. मी एक डोळा किलकिला केला, तर समोर आजींचा एक डोळा उघडा! त्या बिचाऱ्या आतल्या खोलीत वर येणाऱ्या दुधाकडं बघत होत्या. पण आपल्यासाठीच चाललेल्या प्रार्थनेतून उठायचं कसं?

मी उठले. गॅस बंद करेपर्यंत निम्मं दूध ओट्यावर आलं होतं. मागोमाग आजीही आल्या. मी फडक्यानं ओटा पुसू लागले, तसा त्यांनी माझा हात धरला आणि हळूच म्हणाल्या, "गुडघ्याला काय, सगळेच प्रार्थना करतेत बघ. मला एकटीला घास गिळंना झालाय, ते कुणी इचारतच न्हाय."

मी फडकं खाली ठेवलं. उपदेश काही केला नाही. "मग आज आमी हितंच जेवतो," मी म्हटलं. बाहेर 'आमेन' झालं तेव्हा आम्ही दोघी पीठ मळत होतो. जेवायला सेमिनरीत परत यायचं ठरलं होतं, म्हणून मोडनिंबकर आधी कुरकुरले. मग शेंगाचटणीबरोबर सगळ्यात जास्त भाकरी त्यांनीच हाणल्या आणि आजींना विहिरीची गोष्ट सांगितली. पाणी पुन्हा गुडघ्यावर आलं होतं. आजी पोट धरून हसल्या आणि हसता हसता जेवल्याही.

संध्याकाळी होटगीला उतरले तर पप्पा फलाटावरच. "हं, व्हय का न्हाय?"

"सिग्नल काय पडला न्हाय, पप्पा," मी म्हटलं आणि बाकड्यावर बसून सगळं सांगितलं. उतू गेलेल्या दुधाला ते इतके हसले की स्टेशन मास्तर बाहेर डोकावले. मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, "त्या आजीकडं आता परत कोन जानार?"

"मीच. गुरुवारी येते म्हनून सांगितलंय."

"आनि पुढच्या गुरुवारी?"

"तवा बी मीच की."

पप्पांनी माझी पिशवी उचलली. "सिग्नलचं खूळ मीच घातलं तुझ्या डोक्यात," ते म्हणाले. "गुरुवारी जाताना आईच्या हातची चटणी घेऊन जा. क्लासवाल्याला मी सांगतो, पोरीची जागा दुसऱ्या कुनाला तरी दे म्हनून."