आम्ही की आपण

बायको वारल्यावर मी सांगलीला परत आलो. तेव्हापासून भेटायला येणारी माणसं चहा संपला की एक प्रश्न विचारतात: एवढ्या लांब गेलातच कशाला? विचारणारे वाईट नाहीत. त्यांना वाटतं, ती इथंच राहिली असती तर निदान आपल्या माणसांत गेली असती. मी काहीतरी पुटपुटतो. खरं उत्तर द्यायचं तर आम्ही जायचं ठरवलं त्या दिवसांबद्दल सांगावं लागेल, आणि ते दिवस मी बहुतेक जळण्यात घालवले होते.

ती मिरजेच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात नर्स होती. मी सांगलीत अकरावी-बारावीला मराठी शिकवायचो. विश्रामबागेत आमचं भाड्याचं घर होतं. मूल नव्हतं. तिच्या ड्युट्या, माझे तास, दोघांचं मिळून एक कपाट पुस्तकं, असं आमचं चाललं होतं आणि माझ्या मते बरं चाललं होतं. मग तिच्या ओळखीच्या दोन-तीन नर्स जर्मनीला गेल्या. तिकडं नर्स कमी पडतात, भाषेची परीक्षा दिली की नोकरी मिळते, असं सगळीकडं बोललं जाऊ लागलं. एक दिवस ती ड्युटीवरून येताना जर्मनचं पुस्तक घेऊन आली.

मला हेवा वाटला तो आधी त्या पुस्तकाचाच. मी इतकी वर्षं व्याकरण शिकवत होतो. लिंग, वचन, विभक्ती म्हटलं की शेवटच्या बाकांवरची पोरं माना टाकायची. घरी मी कधी एखाद्या शब्दाची गंमत सांगायला लागलो, तर ती ‘हं, हं’ करत फोडणी द्यायची. तीच बाई आता कुकरच्या शिट्ट्यांमध्ये विभक्ती घोकत होती. ‘ऐक ना, सूर्य तिकडं ती आहे. चंद्र मात्र आपल्यासारखाच तो. आणि मुलगी काय माहितीय? ते! ते मुलगी!’ तिच्या तोंडावर जो आनंद होता, तो मी वर्गात कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता. मी म्हणालो, ‘मराठीतही तीन लिंगं आहेत.’ ती म्हणाली, ‘म्हणून तर सोपं जातंय.’ आणि पुन्हा पुस्तकात गेली.

ती बाहेर गेली की मी ते पुस्तक उघडायचो. तिनं पेन्सिलीनं खुणा केलेली पानं वाचायचो. दुसऱ्याच्या खिशात हात घालावा तसं वाटायचं, पण सोडवत नसे. भाषा माझ्या डोक्यात पटकन बसते. दोन-तीन महिन्यांत मला सावकाश बोललेलं बरंचसं कळू लागलं. हे मी तिला सांगितलं नाही. ती शिकत होती ते उघड, चारचौघांत. माझं शिकणं मला तिच्यापासून राखून ठेवावंसं वाटलं.

रविवारी तिच्या वर्गातली मंडळी सरावाला आमच्याकडं जमायची. दोन मुली, आणि तिच्याच रुग्णालयातला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. तो विट्याचा. दिसायला उंच, बोलायला मोकळा, चुकलं तर स्वतःच मोठ्यानं हसणारा. त्याचे काका-मामा सोनं गाळायच्या धंद्यात, कुणी मद्रासकडं, कुणी केरळात. मी चहा आणून ठेवला की तो म्हणायचा, ‘सर, बसा की. आमच्या घरात तमिळ हाय, मल्याळी हाय, बंगाली बोलणारापण एक हाय. जर्मनच तेवढी राहिली होती!’

‘आणि मराठी?’ मी विचारायचो.

‘ती न्हाई जमली कुणाला. तेवढी तुमी शिकवा.’

सगळे हसायचे. तीही हसायची. तिच्या हसण्याकडं लक्ष ठेवायची मला सवय लागली होती.

जर्मनमध्ये होकाराला ‘या’ म्हणतात. एका रविवारी आतून चौघांचं ‘या, या’ चाललेलं ऐकून शेजारच्या काकू चप्पल काढून सरळ आत आल्या आणि सोफ्यावर बसल्या. ‘एवढ्या आग्रहानं बोलावताय, काय कार्यक्रम आहे का गं?’ विट्याचा तो हसता हसता खुर्चीवरून घसरला. माझ्या बायकोनं त्याला दंडाला धरून उठवलं. एवढंच घडलं. एखादी बहीण भावाला उठवेल तसं तिनं त्याला उठवलं. मी मात्र स्वयंपाकघरात जाऊन धुतलेले कप पुन्हा धुतले.

ती परीक्षा पास झाली, चौघंही झाली. तिकडच्या एका गावातल्या रुग्णालयाकडून विचारणा आली. नवऱ्याला किंवा बायकोला बरोबर नेता येईल, असं मध्यस्थ बाईंनी पुण्याहून फोनवर सांगितलं होतं. आता ठरवायचं होतं ते आम्ही. आणि नेमकं त्याच सुमारास मला तिच्या बोलण्यातला एक शब्द टोचू लागला.

ती म्हणायची, ‘आम्ही तिथं गेल्यावर आधी सहा महिने हाताखाली काम करायचं.’ ‘आम्हाला राहायला जागा तेच देणार.’ ‘आम्ही थंडीचे कपडे तिकडंच घेणार आहोत.’ मराठी माणसाला याचा अर्थ सांगायला नको. माझ्याकडं बघून ‘आम्ही’ म्हटलं की मी त्यात नाही. मी असतो तर ती ‘आपण’ म्हणाली असती. ती नर्स लोकांबद्दल बोलत होती हे मला कळत होतं. पण कळून टोचायचं थांबत नाही. मी दिवसभर मोजायला लागलो की ‘आपण’ किती वेळा येतं. यायचं, नाही असं नाही. ‘आपण गॅस बुक केलाय का?’ ‘आपल्याकडं कांदे संपलेत.’ कांद्यापुरते आपण होतो.

मधे एकदा गावी गेलो. साताऱ्याकडं, कोरेगावच्या पुढं माझं गाव. धाकटा भाऊ फौजेत, तो सुट्टीवर आला होता. जेवताना विषय निघाला. गावात ती मला ‘अहो’ म्हणायची, पदर घ्यायची, हळू बोलायची. पण जर्मनीचं तिनं स्पष्ट सांगितलं.

भाऊ भाकरी मोडायची थांबला. ‘म्हंजी दादा, आमी पोस्टिंगला बायकू घेऊन जातो. आन् तू बायकूच्या पोस्टिंगला निघालास व्हय?’

‘अजून ठरलं नाही,’ मी म्हणालो.

‘फॅमिली क्वार्टर कुणाच्या नावावर मिळणार रं मग?’

‘माझ्या, भावोजी,’ ती म्हणाली. ‘तुम्ही आलात तर गेस्टरूम देऊ.’

‘लय भारी! आन् ह्यो काय करणार? गेटवर सलाम ठोकणार का?’

घरातली सगळी हसली. मीही हसलो. भाऊ काही वाईट मनानं बोलला नव्हता. त्याच्या नावावर क्वार्टर होतं, पाटी होती, हुद्दा होता. त्या वेळी माझ्या लक्षात आलं, की विट्याच्या त्या पोराचा मला हेवा वाटत होता तो वरवरचा होता. खरा हेवा तिचाच होता. तिला जगानं बोलावलं होतं. मला तिच्या नावावर जावं लागणार होतं. आणि शब्दांवर जगणारा माणूस मी, तिथं जाऊन मी दुकानात पाव मागताना अडखळणार, आणि ती मला दुरुस्त करणार.

पुढच्या आठवड्यात तिकडच्या रुग्णालयातल्या बाईंनी तिची मुलाखत घेतली, लॅपटॉपवर. ती बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसली होती. कानात इअरफोन घातले होते, त्यामुळं समोरचं काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचं बोलणं यायचं. मी आतल्या खोलीत पेपर तपासत बसल्याचं नाटक करत होतो. ती चांगलं बोलत होती. रुग्ण, रात्रपाळी, इंजेक्शन, सगळं मला कळत होतं. मग तिकडून काहीतरी लांब प्रश्न आला असावा. ती क्षणभर थांबली आणि मग हसून, अगदी मोकळेपणानं म्हणाली, ‘या. वीर कोमेन.’

हो. आम्ही येतो.

मी लाल पेन खाली ठेवलं आणि दार लावून घेतलं; पुढचं मला ऐकायचं नव्हतं. तिचा आवाज इतका आनंदी होता, की ती चौघं मला विमानात बसलेली दिसली. मला न विचारता ठरलं होतं. ठरलेल्यात मी नव्हतो.

त्याच दिवसांत आमच्या महाविद्यालयात पर्यवेक्षकाची जागा रिकामी झाली होती आणि प्राचार्यांनी मला विचारून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेलो आणि हो म्हणालो. संध्याकाळी ती भाजी निवडत होती. मी उभ्याउभ्याच सांगितलं, ‘मला पर्यवेक्षक करतायत. मी घेतोय ते. तुम्ही जा.’

तिचा हात थांबला. ‘तुम्ही? तुम्ही कोण?’

‘तू. आणि ते तुझे.’

‘कोण माझे?’

‘काल म्हणालीस की त्या बाईंना. वीर कोमेन. आम्ही येतो.’

आधी तिला मला जर्मन कळतं याचंच आश्चर्य वाटलं असावं. मग तिचा चेहरा बदलला.

‘त्यांनी विचारलं, नवऱ्याला घेऊन येणार का. मी म्हणाले, येतो. तू आणि मी, आपण! त्यांच्यात आपण आणि आम्ही वेगळे नाहीत. दोन्हीला वीरच.’ मेथीची जुडी तिनं परातीत आपटली. ‘मराठीचा मास्तर ना तू? एवढं कळलं नाही? मी त्यांना सांगितलं, नवऱ्याची पुस्तकं खूप आहेत, जागा जरा मोठी द्या. आणि तू इकडं पर्यवेक्षक होऊन आलास!’

चूक व्याकरणाची होती आणि माझ्याकडून झाली होती, पण त्यामागं बरंच काही होतं, ते व्याकरणात बसत नव्हतं. रागावायला मी जी जागा धरून बसलो होतो, ती पायाखालून गेली. आता खरा प्रश्न उरला.

‘आता नीट सांग,’ ती म्हणाली. ‘येणार आहेस का नाहीस?’

‘मी तिथं करणार काय?’

‘मला माहीत नाही.’

हे ती सहज म्हणाली. तू लिही, तू शिक, काहीतरी मिळेलच, असं काही म्हणाली नाही. खोटा धीर तिनं रुग्णांनाही कधी दिला नसेल.

‘तो विट्याचा त्याच गावात असणार?’ मी विचारलं.

‘त्याच वॉर्डात.’

मी खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली.

‘चालेल का?’ ती म्हणाली.

‘नाही चालणार.’

‘मग नसू दे चालत,’ ती म्हणाली, आणि पुन्हा मेथी निवडायला लागली. ‘पण ये. मी एकटी जाणार नाही. तू नाही म्हणालास तर मीही उद्या नाही म्हणून सांगते, आणि मग आयुष्यभर इथं तुझ्याकडं बघून मला काय वाटेल ते मला आत्ता सांगता येत नाही.’

मी तिच्यासमोर खाली बसलो. परात आमच्या मध्ये होती. थोड्या वेळानं मीही निवडू लागलो. कोवळी पानं एकीकडं, देठ दुसरीकडं. जुडी संपत आली तेव्हा मी म्हणालो, ‘मोठी जागा म्हणजे केवढी?’ ती हसली नाही. ‘कपाट मावेल एवढी,’ म्हणाली.

सकाळी प्राचार्यांकडं जाऊन मी नाही सांगितलं. ते म्हणाले, ‘काल हो, आज नाही. घरी विचारलं नव्हतं का?’ मी म्हणालो, ‘नीट ऐकलं नव्हतं.’

तिथली वर्षं मी इथं लिहीत नाही. हेवा गेला नाही, एवढं सांगतो. तो घरातल्या माणसासारखा आमच्याबरोबर राहिला. ती वॉर्डातल्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी सांगायची आणि मला त्या म्हाताऱ्यांचा हेवा वाटायचा, कारण दिवसाचे बरे तास त्यांना मिळायचे. तिला ते कळायचं. ‘आज कुणावर जळलास?’ ती बूट काढता काढता विचारायची, आणि मी खरं सांगायचो. असं विचारणारं माणूस सांगलीत राहून मला मिळालं असतं का, मला शंका आहे.

मग ती आजारी पडली, आणि जिथं ती काम करायची तिथंच तिला ठेवलं. तिथल्या नर्सना तिला कसं कुशीवर वळवायचं हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती त्यांचं ऐकायची. विट्याचा तो ड्युटी संपली तरी थांबायचा, तिच्या उशा नीट करायचा, आणि मी बाजूच्या खुर्चीवर बसून त्याचे हात बघायचो.

शेवटच्या दिवसांत औषधांमुळं तिला माणसं ओळखू येत नव्हती. एका दुपारी तो औषधाच्या ट्रेपाशी पाठमोरा उभा होता. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं पाहिलं, आणि जर्मनमध्ये, अनोळखी माणसाशी बोलावं तसं आदरानं, जेमतेम मला ऐकू येईल अशा आवाजात पाणी मागितलं. मी पेल्यातली नळी तिच्या ओठांना लावली. ती दोन घोट प्यायली. मग त्याच आदरानं म्हणाली, तुमच्याकडं वेळ असेल तर थोडं थांबा, माझा नवरा येईलच, तो पुस्तकांच्या दुकानात गेला की त्याला उशीर होतो.

ती मला जो कुणी समजत होती, त्याला ती माझ्याबद्दल सांगत होती. मला त्याचाही हेवा वाटला. मीही जर्मनमध्येच म्हणालो, थांबतो.

तिनं डोळे मिटले. विट्याचा तो ट्रे घेऊन वळला.

‘सर, काय म्हणाल्या?’

‘काही नाही,’ मी म्हणालो. ‘पाणी मागितलं.’