थामने अडवलेली दोरी

हालाँगच्या खाडीत थामचा आवाज ऐकला नाही असा एकही कातळ सापडायचा नाही. ती नावेवर जन्मली, नावेवर रांगली, आणि चालायला लागल्यावर पाण्यात पडू नये म्हणून आईने कमरेला बांधलेली दोरी तिने दातांनी कुरतडून टाकली. अशी पोर मोठेपणी गप्प बसणार कशी? पुढे सरकारने आमची तरंगती वस्ती उठवून आम्हाला किनाऱ्यावर पक्की घरं दिली. तिथे थामला पहिले कित्येक दिवस झोप लागेना. "हे घर हलतच नाही मेलं," म्हणायची, "कुणी मेल्यासारखं पडून आहे."

आता ती पर्यटकांना वल्ह्याच्या नावेतून गुहा दाखवते. फोटोसाठी कुणी उभं राहिलं की ओरडते, "बस खाली! कातळ तिथेच राहणार आहे, तू राहशील का ते बघ." पर्यटकांना शब्द कळत नाहीत, पण ते मुकाट्याने खाली बसतात.

पण थामचं खरं नाव झालं ते दोरीवर. आमच्यात वराची नाव वधूकडच्या नावांजवळ आली की मध्ये लाल दोरी ताणून ती अडवायची. मुलीकडच्यांनी गाण्यातून प्रश्न टाकायचा, मुलाकडच्यांनी गाण्यातूनच उत्तर द्यायचं. उत्तर पटलं की दोरी सैल, नाही पटलं की थांबा ताटकळत. उत्तराशिवाय दोरी सोडली, तर ती मुलगी न मागता नेलेली, आणि हे बोलणं तिला नातवंडं झाली तरी ऐकावं लागतं. तरुणपणापासून थाम सगळ्या वस्तीच्या मुलींच्या दोऱ्या धरत आली. वराकडचे भले भले गवई तिने घाम फुटेपर्यंत उभे केले. तिचा नवरासुद्धा अजून सांगतो की याला कसलं लग्न म्हणतात, तिला दया आली म्हणून मी सुटलो.

किनाऱ्यावर आल्यापासून लग्नं हॉलमध्ये लागायला लागली आणि दोरी बंदच पडली. आपल्या लेकीची, म्येनची पाठवणी मात्र दोरीवरूनच होणार, पाण्यावरच होणार, एवढा एकच हट्ट थामने मनात धरला होता. मनात म्हणजे काय, सगळ्या धक्क्याला माहीत होता.

आणि म्येनने पसंत केला तो नेमका किनाऱ्यावरचा मुलगा! वुओंग त्याचं नाव, मोटारसायकली दुरुस्त करायचा. मुलगा सोन्यासारखा, पण त्याची आई क्वे म्हणजे बाजारातलं बडं प्रस्थ. तिच्या माकुळाच्या वड्यांसाठी लोक सकाळपासून रांग लावत, आणि रांगेतल्या लोकांशी बोलावं तसंच ती सगळ्यांशी बोले.

"पाण्यात उभं राहून लग्न लावायला आम्ही काय बगळे आहोत?" पहिल्याच भेटीत ती म्हणाली.

"तुमचे वडे कुठून येतात हो, विहीणबाई?" थाम म्हणाली. "माकुळं काय झाडाला लागतात?"

असं बरंच झालं. शेवटी वुओंगच आईला म्हणाला की लग्न पाण्यावरच होईल, तू आलीस तर मला आनंद होईल. क्वेने कच्चं, आंबट कमरख चावल्यासारखं तोंड केलं आणि होकार दिला.

पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरला. चांदण्यात माकुळं दिव्याला येत नाहीत, त्यामुळे सगळ्या नावा रिकाम्या असतात. जागा थामने निवडली. एका बेटाच्या पोटात गोल तळं आहे, चारी बाजूंनी उभे कडे, आणि आत जायला एकच वाट, ती म्हणजे ओणवी गुहा. ओहोटीला नावेत वाकून बसलं की आरपार जाता येतं. भरती चढली की गुहेचं तोंड बुडतं, आणि मग रात्रीपर्यंत आतले आत आणि बाहेरचे बाहेर. पूर्वी वादळात आमच्या नावा याच तळ्यात लपायच्या. म्येन तिथेच नटून बसली होती, बापाजवळ आणि वडीलधाऱ्यांजवळ. बाहेर गुहेच्या तोंडाशी दोन नावांच्या मध्ये दोरी ताणून थाम उभी होती. "अगं, तू मुलीची आई, तू आत बस," असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. ऐकेल ती थाम कसली!

मुलाकडचे आले ते उशिरा. क्वेने धक्क्यावर एक पाय नावेत, एक पाय जमिनीवर असा बराच वेळ काढला होता. आता ती सुपारीचा घड झाकलेल्या ताटाला दोन्ही हातांनी मिठी मारून डोळे मिटून बसली होती. वल्ही वुओंगच्या मित्रांच्या हातात होती आणि नाव खेकड्यासारखी तिरकी चालली होती.

थामने दोरी उचलली आणि आवाज लावला. कड्यावरची माकडं गप्प झाली.

"पाहुण्या रे पाहुण्या, सांग कुणाचं घर डुलतं?
दार लावलं, कडी घातली, तरी आत कोण शिरतं?"

मुलाकडच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एका मित्राने मोठ्या ऐटीत स्पीकर बाहेर काढला, माइक फुंकला आणि 'माझ्या प्रिये, तुझ्या आठवणीत' अशा थाटाचं काहीतरी गळा काढून म्हणायला लागला. आमच्या नावांमध्ये हसून हसून बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. तेवढ्यात मागून एक लाट आली, स्पीकरने एक उचकी दिली आणि तो कायमचा मिटला.

"आणखी कुणी?" थामने विचारलं. ती मजेत होती. इतक्या वर्षांनी दोरी हातात आली होती, तिला आणखी थोडी चालवायची होती.

"वहिनी," मागून तिची नणंद लुआ हळूच म्हणाली, "पाणी बघ."

थामने पाहिलं. गुहेच्या कपाळावर शिंपल्यांची पांढरी रेघ आहे, पाणी तिच्या जवळ येऊन ठेपलं होतं. गाण्याच्या नादात जन्मभराची नाववाली बाई भरती विसरली होती! हे किनाऱ्यावरच्या माणसाने केलं असतं तर तिने त्याला वल्ह्याने बडवलं असतं.

"सोड दोरी," कुणीतरी म्हणालं. "मुहूर्त जाईल. पोर आत अडकेल."

"उत्तराशिवाय?" थाम म्हणाली. "माझ्या म्येनला? न मागता?"

"मावशी," वुओंग नावेतून काकुळतीने ओरडला, "मी मागतोय हो तिला! गाता येत नाही, पण मागतोय!"

त्या पोराचा चेहरा पाहून थामला त्याची माया आली आणि स्वतःचा भयंकर राग आला. मग तिने दोरीचं टोक लुआच्या हातात कोंबलं, झग्याचा घोळ कमरेला खोचला आणि एका उडीत मुलाकडच्या नावेत गेली. नाव अशी हलली की क्वेने किंकाळी फोडली.

"सरका, विहीणबाई. वल्हं द्या इकडे."

"अहो, तुम्ही मुलीकडच्या ना!"

"आता तुमच्याकडची. गवई नाही तुमच्यात, म्हणून आले." आणि वल्हं हातात घेऊन, स्वतःच्याच प्रश्नाकडे तोंड करून, तिने उत्तर दिलं,

"घर डुलतं नावकऱ्याचं, भरती शिरते आत,
तशीच आलो, दार उघडा, द्या लेकीचा हात!"

काय आरडाओरडा झाला! आमच्या बायका ओरडत होत्या, "ही लबाडी आहे!" मुलाकडचे ओरडत होते, "उत्तर आलं, दोरी सोडा!" पण दोरी आता लुआच्या हातात होती. जन्मभर वहिनीच्या मागे उभं राहून साथ धरलेली लुआ. असा दिवस तिला पुन्हा मिळणार नव्हता.

"थांबा," लुआ म्हणाली. "वहिनी, एक माझाही." आणि तिने बारीक, स्वच्छ आवाजात विचारलं,

"पाखरू नेलं, पिंजरा नेला, नेलं सगळं बाई,
लेक दिल्यावर मागे उरते, कोण गं उरते आई?"

आमच्यात मुलीची आई वरातीबरोबर जात नाही. ती नावेच्या टोकाला उभी राहते आणि वरात कातळाआड जाईपर्यंत बघत राहते. दुसऱ्या मुलींच्या आयांना थामने असं उभं असलेलं किती वेळा पाहिलं होतं, दोरी गुंडाळता गुंडाळता. आज आपण उभ्या राहणार, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. कधी नाही ते शब्द फुटेना. पाणी पांढऱ्या रेघेला लागलं, सगळ्या नावा थामकडे बघत होत्या, आणि थामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

तेव्हा क्वेने डोळे उघडले. तिने थामकडे पाहिलं, सुपारीचं ताट बाजूला ठेवलं, आणि बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारावी तशा बेसूर, खणखणीत आवाजात ओरडली,

"मागे उरायचं कशाला? तीही येईल बरोबर! आमच्या नावेत बसली, आमचं वल्हं तिच्या हातात, आता ती आमची! चला, सोडा दोरी, मला मळमळतंय!"

गाणं नव्हतं ते, यमकही नव्हतं. पण उत्तर मुलाकडच्या बाईने दिलं होतं. लुआने हसत हसत दोन्ही हात उघडले. लाल दोरी पाण्यात पडली.

"आडवे व्हा सगळे!" थाम गरजली. तिचा आवाज परत आला होता. वुओंग, त्याचे मित्र, क्वे, सुपारीचा घड, सगळे नावेच्या तळाला चिकटले. थामने गुहेच्या छताला तळवे टेकले आणि उताणी पडून, कातळाला ढकलत ढकलत, नाव आत घातली. चेहऱ्याला शिंपले घासत होते. अंधारात क्वे तिचा झगा घट्ट धरून म्हणत होती, "विहीणबाई, सोडू नका हं मला."

"तुम्ही सोडलंत तर मी सोडेन ना," थाम म्हणाली.

आणि नाव बाहेर पडली, तळ्यातल्या हिरव्या उजेडात. म्येन उठून उभी राहिली. वराच्या नावेचं वल्हं हातात घेऊन, कपाळाला खरचटलेली, केस विस्कटलेली तिची आई तिला न्यायला आली होती.