उजवा हात हलला

काटेमास्तर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले ते छप्पन्नाव्या वर्षी, आणि तेही माइकसमोर.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. दुकानांमधले वजनकाटे तपासून दुरुस्त करून देणं हा त्यांचा धंदा. पितळी मापांची पेटी घेऊन ते आत शिरले, की भल्याभल्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळायचं. दोन ग्रॅमची चूक त्यांना पेटी उघडण्याआधीच दिसते असं लोक म्हणायचे, आणि मास्तर ते कधी खोडून काढायचे नाहीत.

छंद होता फोटोग्राफीचा. पण माणूस तोच, म्हणून छंदालाही काटा लावलेला. दर रविवारी सकाळी न्याहारी झाली की बायकोला खिडकीपाशी त्याच खुर्चीत, त्याच कोनात बसवायचं आणि कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची. लेन्स तपासायची असो की शटर, समोर बायकोच. दुकानात जसं एक किलोचं पक्कं माप, तशी घरात ती. दर महिन्याला मास्तर फोटो छापून आणायचे आणि प्रत्येकाच्या मागे तारीख, शटर, लेन्सचं तोंड किती उघडं होतं ते सगळं लिहायचे. चांगले फोटो अल्बममध्ये जात. जरा कुठे हललेला दिसला, की मागे लाल पेनाने ‘रद्द’ आणि रवानगी बुटाच्या खोक्यात. “हललेला फोटो आणि खोटा काटा, दोन्ही सारखेच,” हे वाक्य बायकोने किती वेळा ऐकलं असेल त्याला गणती नाही.

एवढं करून हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात त्यांना कधी बक्षीस मिळालं नव्हतं. दरवर्षी परीक्षक म्हणायचे, “मास्तर, फोटो निर्दोष आहे. पण त्यात जीव नाही.” मास्तर घरी येऊन दोन दिवस धुसफुसायचे. जीव म्हणे! जीव कुठल्या मापाने मोजायचा?

या वर्षी मात्र आक्रीत घडलं. स्पर्धेचं पाकीट भरताना घाईत खोक्यातला एक फोटो त्यात गेला, आणि नेमका त्यालाच पहिला नंबर मिळाला. फोटोत बायको खिडकीशी बसलेली. चेहरा, केस, खुर्चीची वीण, सगळं इतकं स्पष्ट की मोजून घ्यावं. फक्त मांडीवरचा उजवा हात धूसर, धुक्यासारखा.

“बाई शांत आहे, पण तिच्या मनातलं सगळं त्या हातात आलंय,” परीक्षक भारावून म्हणाले. “तंत्र आणि कला यांचा असा मिलाफ क्वचित दिसतो. मास्तर, हात मुद्दाम हलवायला सांगितलात ना?”

सभागृहात शंभर माणसं. तिसऱ्या रांगेत बायको. मास्तर म्हणाले, “हो.”

टाळ्या पडल्या. घरी येताना बायको म्हणाली, “बरं केलंत हो म्हणालात ते.” मास्तरांना वाटलं, तिला नवऱ्याची अब्रू राखल्याचं समाधान झालं. माणूस किती आंधळा असावा, त्याला काही सुमार?

मंडळाने लगेच पुढच्या महिन्यात प्रात्यक्षिक ठेवलं. असा फोटो कसा काढायचा ते मास्तरांनी सगळ्यांना दाखवायचं. आता आली का पंचाईत! जे आपण केलंच नाही ते शिकवायचं कसं? म्हणून रविवारी त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं.

“हात अगदी सैल सोड. हलवू नकोस.”

“नाही हलवत.”

शटर तेच ठेवलं, सेकंदाचा पंधरावा भाग. फोटो आला तो हात धूसर घेऊनच. तिला उठवून खुर्चीत किटली ठेवली. किटली अशी स्वच्छ आली की तिच्यावरचा पोचा मोजता यावा. पंखा बंद केला, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचे स्क्रू आवळले, लेन्स बदलली. पुन्हा बायको, पुन्हा तेच. डावा हात लखलखीत, उजवा धुक्यात.

“मी हलले असेन,” बायको म्हणाली. “पुरे आता. चहा करते.”

“बस गं जरा.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सगळी यंत्रं निर्दोष निघाली होती, तरी मास्तर यंत्रातच दोष शोधत होते. शेवटी त्यांनी एक युक्ती काढली. पडदे ओढून खोलीत अंधार केला, तिच्या बोटातल्या अंगठीवर छोट्या बॅटरीचा उजेड पाडला, शटर एक सेकंद उघडं ठेवलं आणि तेवढ्या वेळात कॅमेरा हळूच डावीकडून उजवीकडे फिरवला. हात स्थिर असेल, तर अंगठीची चकाकी सरळ रेघ काढेल.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर रेघ आली. सरळ नव्हती. वर, खाली, वर, खाली. मास्तरांनी शिखरं मोजली. पाच. पुन्हा काढला. पाच. तिसऱ्यांदाही पाचच, आणि सगळी एका उंचीची.

मास्तर मटकन स्टुलावर बसले. वाऱ्याने हलणारा काटा कसाही हलतो, हे त्यांनी पस्तीस वर्षं पाहिलं होतं. एका लयीत हलतो तो आतून बिघडलेला काटा. अर्धाच भरलेला चहाचा कप त्यांना आठवला, आणि “साखरेबरोबर चहाचीही काटकसर सुरू झाली वाटतं,” ही आपलीच थट्टा. हल्ली सामानाची यादी तीच तोंडी सांगायची आणि त्यांना लिहायला लावायची. बाहेर जाताना उजवा हात कायम पिशवीखाली. सगळं डोळ्यांसमोर होतं. परक्या दुकानातले दोन ग्रॅम दिसणाऱ्या माणसाच्या घरात दिव्याखाली अंधार!

“अगं,” त्यांनी विचारलं, “कधीपासून?”

बायकोने खिडकीचा पडदा सारला. उजेडात ती हात लपवायला निघाली आणि मध्येच थांबली.

“खोक्यात बघा,” ती म्हणाली. “तारखा तुम्हीच घातल्यात.”

दोन दिवसांनी ते खोकं मज्जातंतूंच्या डॉक्टरांच्या टेबलावर होतं. डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, लिहायला लावलं. मग हा कंपवात असल्याचं सांगितलं आणि औषधाने बराच आराम पडेल, असंही. “सुरुवात केव्हा झाली, काही आठवतं?” त्यांनी विचारलं. मास्तरांनी खोक्याचं झाकण उघडलं.

डॉक्टर तारखांप्रमाणे फोटो मांडत गेले. तीन वर्षांचे एक्केचाळीस. आधी फक्त अंगठा धूसर, मग बोटं, मग पंजा. डॉक्टर थक्क झाले. “अहो, इतकी चोख नोंद मला आजवर कुणी आणून दिलेली नाही! हे घेऊन तीन वर्षांपूर्वीच आला असतात तर किती सोपं झालं असतं.” मग त्यांनी पहिला फोटो उलटा केला आणि मागचं लाल अक्षर सहज मोठ्याने वाचलं.

“‘उजवा हात हलला. रद्द.’” दुसरा उलटला. “‘उजवा हात हलला. रद्द.’” तिसरा. “‘पुन्हा उजवा हात. रद्द.’ हे काय आहे?”

डॉक्टर पुढचा फोटो उलटायला निघाले, तेव्हा मास्तरांना त्यांचा हात धरून थांबवावंसं वाटलं. पण ते जागचे हलू शकले नाहीत.

उत्तर बायकोने दिलं. भाजीचा भाव सांगावा तशा साध्या आवाजात.

“यांना हललेलं चालत नाही, डॉक्टर,” ती म्हणाली. “मला सांगायचं होतं. त्या पहिल्या दिवशीच सांगायला गेले होते, तेव्हा हे बसून लाल पेनाने लिहीत होते. ते मी वाचलं, आणि चहा करायला गेले.”

आणि तीन वर्षांत प्रथमच तिने उजवा हात पिशवीखालून काढून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. हात हलत राहिला. एक्केचाळीस फोटोंमध्ये तो हलला हे मास्तरांनी लिहून ठेवलं होतं, पण हलताना ते आज पहिल्यांदा बघत होते.