टोपीवाल्याची कडी

"काढायची न्हाई. गळ्यातच कर."

दुकानाची पायरी चढतानाच म्हातारीचं हे सुरू व्हायचं. ती समोर बसून मान पुढे करी, आणि मी, कनेरगाव नाक्यावरचा तीन पिढ्यांचा सोनार, पक्कड घेऊन तिच्या गळ्याशी ओणवा व्हायचो. तिच्या माळेत एक सोन्याचं नाणं होतं. दोऱ्याने झिजून त्याची कडी उघडायची, ती दाबून बसवायची, एवढंच काम. पण माळ कधी माझ्या हातात दिली असेल तर शपथ. आम्ही सारे तिला याडी म्हणायचो. बंजाऱ्यांच्या तांड्यावर आईला तेच म्हणतात.

नाण्यावर उंच टोपीचा, हातात वाकडी काठी घेतलेला कुणी बुवा होता. "माझा टोपीवाला," ती म्हणायची. बैलांवर मीठ-धान्य वाहणाऱ्या कोणा पूर्वजाने तो कुठून आणला, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

एकदा जुनी नाणी शोधत फिरणारा एक साहेब दुकानात बसला होता. त्यानं भिंग लावून नाणं पाहिलं, गळ्यातच अर्थात, आणि त्याचा आवाजच बदलला. म्हणाला, हे जर्मनीतल्या एका बिशपानं पाडलेलं, फार दुर्मिळ. हा बिशप धर्मगुरूही होता आणि आपल्या मुलखाचा राजाही.

"दोनी कामं एकलाच करत होता? मंग झोपत कवा होता?" याडीनं विचारलं.

साहेब हसला नाही. "ही कडी कोणत्या गाढवानं लावली? नाण्याची पार वाट लावली."

"याच्या आज्यानं," तिनं माझ्याकडे बोट केलं. मला राग आला, पण गिऱ्हाइकापुढे काय बोलणार? बोलली तीच. "गाढव कोणाले म्हन्तो रे? कडी होती म्हणून ह्यो गळ्यात राहिला. न्हाई तर कवाच आटवून पाटल्या झाल्या असत्या."

घरावर स्लॅब टाकता येईल एवढी रक्कम साहेबानं सांगितली. कडी कापून, साफ करून नाणं काचेत ठेवू म्हणाला.

"काचेत कोंडतो? काहून, त्यानं काय चोरी केली?" याडी उठलीच. "इथं त्यो दर हप्त्याले बाजार पाहून राहिला."

साहेब जाताना मला नंबराची चिठ्ठी देऊन गेला. "म्हातारी गेली की कळवा. तुमचाही विचार करू." खोटं कशाला बोलू, मी ती फाडली नाही. गल्ल्यात ठेवली.

याडी यंदाच्या चैत्रात गेली. मला वाईट वाटलं, फार वाटलं. आणि चिठ्ठीही आठवली.

परवा तिची सून आली. जन्मभर सासूच्या मागे मुकाट उभी राहिलेली बाई. गळ्यात तीच माळ, कडी पुन्हा उघडलेली. मी चिठ्ठी काढून पुढे सरकवली. "त्या साहेबाचा नंबर. विकायचं असेल तर."

"मालक बी तेच म्हणून राहिले," ती म्हणाली. "मी न्हाई म्हन्ले."

मग इतर गिऱ्हाइकांच्या सवयीनं मी हात पुढे केला, माळ घ्यायला. तिनं हाताकडे पाहिलं, समोर बसली आणि मान पुढे केली.

"काढायची न्हाई. गळ्यातच करा."

मी चिठ्ठी फाडली, पक्कड घेतली आणि ओणवा झालो. कडी अशी बसवली, की माझ्या नातवालाही तिला हात लावायची गरज पडू नये.