पोटातला जीव आणि रुबेलाची लस

रिपोर्टवर 'रुबेला आयजीएम पॉझिटिव्ह' असं लिहिलं होतं. मला वाटलं, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलंच असणार. अलिबागच्या दवाखान्यात पंख्याखाली बसून मी जोसेफला, माझ्या नवऱ्याला, हसत म्हटलं, "बघ, पास झाले." डॉक्टरबाईंनी मात्र चष्मा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टर चष्मा काढायला लागले की समजावं, आता काही बरं ऐकायला मिळत नाही.

आयजीएम म्हणजे आजार नुकताच होऊन गेल्याची रक्तातली खूण. रुबेला हा गोवराचा चुलतभाऊ. थोडा ताप, अंगावर बारीक गुलाबी पुरळ, कानामागे गाठी. पोरांना तो शाळा बुडवण्यापुरता होतो. पण गरोदर बाईला झाला तर तो पोटातल्या बाळापर्यंत पोचतो आणि त्याचे डोळे, हृदय, कान धरतो. मला चौथा महिना संपत आला होता, आणि तसंच पुरळ नुकतंच येऊन गेलं होतं, म्हणून रक्त तपासलं होतं.

"पहिल्या तीन महिन्यांत झाला असता तर मी जास्त घाबरले असते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता धोका कमी आहे, पण आहे. मुख्यतः कानांना. कायद्याने अजून गर्भपात करता येतो. निर्णय तुमचा. घाई करू नका, पण फार रेंगाळूही नका."

आम्ही रेवदंड्याला, घरी निघालो.

आजार आला कुठून, हे मला ठाऊक होतं. महिनाभरापूर्वी मोठ्या भावजींच्या मुलाला, अॅल्विनला, ताप आणि पुरळ आलं होतं. आमच्या घरात कुणी आजारी पडलं की सगळे मिळून जपमाळेची प्रार्थना करतात. सासूबाईंनी अॅल्विनला उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. "दोन जिवांची प्रार्थना देवाकडं बेगीन पोचते, मार्था," त्या म्हणाल्या. गरोदर बाईची प्रार्थना त्यांच्या हिशेबी डबल. मी त्याला छातीशी धरून सगळी माळ संपवली. तो माझ्या खांद्यावर शिंकत होता. प्रार्थना पोचली असावी, कारण अॅल्विन तिसऱ्या दिवशी अंगणात क्रिकेट खेळत होता.

अॅल्विनला लस दिलेली नव्हती, त्याच्या धाकट्या बहिणीलाही नाही. मोठ्या भावजींची, म्हणजे पीटर भावजींची, पावाची भट्टी आहे आणि रविवारी ते चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देतात. आईच्या उदरात देवच आपल्याला विणतो, जन्माआधीपासून तो आपल्याला ओळखतो, हे बायबलमधलं ते इतकं सुंदर शिकवतात की ऐकत राहावं. त्यांनी मोबाईलवर एका प्रवचनकाराचं भाषण ऐकलं, की ही लस पाडलेल्या गर्भाच्या पेशींवर बनवतात. झालं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर घरी आल्या तेव्हा भावजींनी त्यांच्या हातात गरम पावांची पिशवी दिली आणि नम्रपणे परत पाठवलं. "ज्या लशीपायी पोटातला जीव गेला, ती माझ्या पोरांच्या अंगात न्हाय जायाची." भावजी हेकट आहेत, पण वाईट नाहीत. मुंगीलाही बाजूला करून चालणारा माणूस.

घरी पोचल्यावर जोसेफने सगळं सांगितलं. भावजी भट्टीवरून तसेच पीठभरल्या हातांनी आले आणि माझ्यासमोर बसले. मला वाटलं, आता बायबलमधलं वचन ऐकवणार. ते नुसते हातांवरचं पीठ खरवडत राहिले. ते पाहून माझं डोकं फिरलं.

"भावजी, पोटातला जीव देवाचा ना? मग माझ्या पोटातला कुणाचा?"

घरात कुणी असं त्यांच्याशी कधी बोललं नव्हतं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. भावजी रडायला लागले, मोठ्याने, पोरासारखे. मला दया आली नाही. त्या दिवशी तरी नाही आली.

पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपल्यावर ते आमच्या फादरकडे गेले. मी आणि जोसेफही होतो. फादर म्हणाले, "तू ऐकलंस ते अर्धं खरं आहे. फार वर्षांपूर्वी एका गर्भाच्या पेशी घेतल्या, त्याच प्रयोगशाळेत आजवर वाढवत आलेत. लशीसाठी नवीन बाळ कुणी मारत नाही. तो गर्भपात चूक होता असं आपण म्हणतो, म्हणावंच. पण लस घेणाऱ्याने तो केलेला नाही. दुसरी लस नसेल तर हीच घ्यावी, कारण शेजारणीच्या पोटातलं बाळ राखणं हेसुद्धा देवाचंच काम."

"मंग हे आधी का न्हाय सांगितलंत, फादर?"

"तू विचारलंस कुठे, पीटर? तू तर मलाच शिकवत होतास."

सोमवारी भावजी धाकटीला स्वतः आरोग्य केंद्रात घेऊन गेले. पाव नेले, पण या वेळी परत पाठवायला नव्हे.

माझा निर्णय मात्र कुणाच्या वचनाने झाला नाही. डॉक्टरबाईंनी अम्निओसेंटेसिस सुचवली होती, म्हणजे पोटातून सुई घालून बाळाभोवतीचं पाणी तपासायचं. मी नको म्हटलं. नेहमीच्या तपासणीच्या रांगेत बसले असताना बाळ पहिल्यांदा हललं. आत कुणीतरी हळूच कूस बदलावी तसं. मग बाळ ठेवण्याशिवाय मला दुसरं काही सुचेचना. याच जागी बसून वेगळं ठरवणाऱ्या बायका असतील. त्यांच्याकडे बोट दाखवायला मी कोण? जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

मुलगी झाली. डोळे चांगले, हृदय चांगलं. कानांच्या तपासणीत, तिला ओएई म्हणतात, कानात बारीक आवाज सोडून आतून प्रतिसाद येतो का बघतात, डावा कान नापास झाला. पुन्हा केली, पुन्हा नापास. उजव्याला कमी ऐकू येतं, पण येतं. आम्ही तिचं नाव ग्रेस ठेवलं.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला ठाऊकच नव्हती. अशा बाळाच्या लाळेतून, लघवीतून विषाणू वर्षभरही बाहेर पडू शकतो. लंगोट बदलल्यावर हात धुवायचे आणि गरोदर बाईला बाळाजवळ येऊ द्यायचं नाही. आता आली का पंचाईत. बाप्तिस्म्याला सगळं गाव येतं, बाळाला प्रत्येक बाई उचलते, मुका घेते. आणि आमच्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणी दिवस गेल्याचं सांगत नाही. प्रत्येकीला विचारू तरी कसं?

भावजी म्हणाले, "मी बोलतो." बायकांसमोर 'गरोदर' हा शब्दही ज्यांच्या तोंडून निघत नाही, ते चर्चमध्ये समोर उभे राहिले.

"आमच्या घरातला आजार या लेकरापर्यंत गेलाय, आन् त्याच्या अंगात अजून हाय. माझ्या पोरांना मी लस दिली न्हवती, त्याचा भोग या लेकराला. जिच्या पोटात जीव हाय, नायतर असंल असं वाटतं, तिनं लांबनं आशीर्वाद द्यावा. कुणी कुणाला काय विचारणार न्हाय."

मग पहिल्या बाकावरून आमच्या आळीतली नवी सून, लिनेट, उठली आणि मान खाली घालून सगळ्यात मागच्या बाकावर जाऊन बसली. तिच्या सासूलाही तोपर्यंत माहीत नव्हतं. कुणी वळून पाहिलं नाही. मला मात्र रडू आवरेना.

तुमच्या घरी लग्न ठरलेली मुलगी असेल, तर दिवस जाण्याआधी तिला डॉक्टरकडे न्या आणि रुबेलाची लस द्या. गरोदरपणात ती देत नाहीत, म्हणून आधीच. लशीनंतर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, एवढंच.

परवा लिनेटला मुलगा झाला. दोन्ही कान पास. तिची सासू पेढे घेऊन आली तेव्हा मला आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, जरा पोटात दुखलंही. ती गेल्यावर मी ग्रेसला उचललं, तिच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि जरा मोठ्याने सांगितलं, "बाळा, तुझ्या बाप्तिस्म्याला एक जण वाचला." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.